विशेषणाला परवानगी

मुलांना शब्द शिकवण्याची माझी एक साधी रीत आहे. अर्थ सांगायचा नाही. शब्द हातात द्यायचा आणि म्हणायचं, जा, याला जरा फिरवून आण. मग मूल त्या शब्दाला गोठ्यात नेतं, ओढ्यावर नेतं, आजीच्या मांडीवर बसवतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं वाक्य करून आणतं. तोवर तो शब्द त्याचा झालेला असतो. या रीतीने आजवर कुणाचं वाईट झाल्याचं ऐकिवात नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र माझं झालं, आणि तेही ज्याच्या स्वभावातच लपून राहणं नाही अशा एका विशेषणामुळे. तो शब्द म्हणजे ‘ठळक’.

आमचं घर भोरहून महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हिर्डोशीच्या अलीकडे, एका वळणावर आहे. वर चढावर वाडी आहे आणि त्या वाडीतल्या दोन खोल्यांच्या शाळेचा मी मास्तर होतो. गेल्या उन्हाळ्यात मी निवृत्त झालो. पट कमी झाला म्हणून त्याच उन्हाळ्यात शाळाही निवृत्त झाली. मला शाल आणि नारळ मिळाला, शाळेला कुलूप मिळालं. उरलेली पाच मुलं खालच्या मोठ्या शाळेत जाऊ लागली. सकाळी यष्टी त्यांना घेऊन माझ्या घरावरून खाली जाते आणि संध्याकाळी घेऊन वर येते.

जून महिन्यात शाळा सुरू झाली त्या सकाळी मी सवयीने आंघोळ उरकून, सदरा घालून ओसरीत बसलो होतो. कुठे जायचं नव्हतं. यष्टी वळणावर आली आणि आतून आरोळी आली, “गुरुजीऽऽ!” हात उंचावेपर्यंत यष्टी पुढे गेलेलीसुद्धा होती. चार मुलं खिडकीतून ओरडत होती. पाचवी अश्विनी. ती ओरडत नव्हती. तिने काचेवर फक्त तळवा टेकवला होता.

अश्विनी तीन वर्षं माझ्या वर्गात होती. या तीन वर्षांत तिने मला एकही वाक्य सांगितलं नाही. शब्द घेऊन जायची, रोज न्यायची, पण परत काही यायचं नाही. मी कधी घाई केली नाही. काही बी उशिरा रुजतं, माती उकरून बघायची नसते. पण माझी अशी पक्की समजूत होती की चौथीच्या वर्षी ती बोलणार. नेमकी चौथी दुसऱ्याच्या शाळेत गेली.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर वाडीवर जायचं होतं चढून. शाळा होती तेव्हा मी रोजच चढत होतो, पण तेव्हा माझे गुडघेही नोकरीत होते.

तर त्या ‘गुरुजीऽऽ’वरून मला सुचलं की यष्टी वळणावर असते तेवढ्या वेळात एक शब्द मावतो. मला मावतो, तर मुलांनाही मावेल. माझ्या घराची एक आख्खी भिंत रस्त्याकडे तोंड करून रिकामी उभी होती. तिच्यावर शब्द लिहायचा. सकाळी खाली जाताना मुलांनी तो वाचायचा, दिवसभर फिरवायचा आणि संध्याकाळी वर येताना वाक्य सांगायचं. रविवारी हनुमंताच्या टेम्पोतून वाडीवर जाऊन मी मुलांना हे समजावून आलो. पप्पूने विचारलं, “गुरुजी, चुकलं तर ओणवं कसं करणार?” मी म्हटलं, “यष्टीत शिक्षा नाही.” त्यावर चौघांनी योजनेला एकमताने मंजुरी दिली. अश्विनी आईच्या मागून बघत होती.

सोमवारी मी भिंतीवर चुन्याने ‘ठळक’ लिहिलं. रस्त्यापलीकडे हनुमंताची चहाची टपरी आहे. टेम्पो त्याचा, टपरी त्याची आणि गावात कुणी काय करावं याचा निर्णयही साधारणपणे त्याचाच. तोही माझाच विद्यार्थी. तो रस्ता ओलांडून आला, कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, भिंतीला पोपडं आल्यात का?”

“तो शब्द आहे.”

“व्हय? मला वाटलं ओल आली. पांढऱ्यावर पांढरं कुणाला दिसनार? काळ्यावर पांढरं पायजे. फळ्यावानी.”

हे मला सुचायला हवं होतं. आयुष्यभर मी फळ्यासमोरच उभा होतो. बंद शाळेतला फळाच मिळाला तर काय, म्हणून मी वरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, फळा ही शासकीय मालमत्ता आहे, तो आधी निरुपयोगी ठरावा लागेल. मी म्हटलं, तो उपयोगी आहे म्हणूनच मागतोय. ते म्हणाले, मग तर मुळीच देता येणार नाही.

शेवटी भिंतच काळी करायचं ठरलं. शेजारच्या बनाबाई लगोलग चौकशीला आल्या.

“शालन, बरं हायेत ना सगळी? घराला काळं फासलंय म्हनून इचारलं.”

आमच्या हिने माझ्याकडे बघत सांगितलं, “सगळी बरी आहेत. एकटे हेच जरा रिटायर झालेत.”

“मग तीट लावली म्हना घराला,” बनाबाई म्हणाल्या. “चांगलं केलं. नजर लई वाईट लोकांची.” आणि त्यांनी आपल्याकडचं लिंबू-मिरची आणून भिंतीच्या कोपऱ्याला टांगलं. ते लिंबू अजून आहे.

अक्षरांसाठी मी भोरहून अल्लाउद्दीनला बोलावलं. हा पूर्वी तालुक्यातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि हाताच्या अक्षरांना कुणी विचारेना, म्हणून तो आता घरांना रंग देतो. बऱ्याच दिवसांनी अक्षरं काढायला मिळणार म्हणून गडी इतका खूश होता की माझ्या शब्दाला त्याने आधी पिवळी सावली दिली, मग तिला लाल किनार दिली, मग ‘ळ’च्या पोटात एक फूल काढलं. मी फूल पुसायला लावलं. तो हिरमुसला.

“गुरुजी, आख्ख्या भिंतीवर नुसतं ठळक? खाली काही नाही? प्रोप्रायटर? सौजन्य?”

“काही नाही.”

“बरं,” तो म्हणाला. मी गुडघ्याला तेल चोळायला आत गेलो. ती चूक झाली. पाटी रंगवणाऱ्याने खाली आपलं नाव आणि नंबर टाकायचा हा त्या धंद्याचा रिवाजच आहे, आणि अल्लाउद्दीनला तर बऱ्याच दिवसांनी मोकळी भिंत मिळाली होती. मी बाहेर आलो तर शब्दाच्या खाली, शब्दाएवढ्याच मापात, शेंदरी रंगात लिहिलेलं होतं: ‘अल्ला आर्ट्स, भोर’. त्याखाली मोबाईल नंबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना मुलांनी भिंत वाचली आणि संध्याकाळी यष्टी वर आली तेव्हा मी ओसरीच्या पायरीवर उभा होतो. सदरा बदलून, भांग पाडून आलो होतो, हे कबूल करायला लाज कसली? नोकरीच्या पहिल्या दिवशीही एवढी तयारी केली नव्हती. यष्टी वळली आणि चार गळ्यांतून एका सुरात अल्लाउद्दीनचा मोबाईल नंबर आला. अगदी पाढा म्हणावा तसा. मागोमाग पप्पूचा एकट्याचा आवाज आला, “चाचांचा नंबर ठळक हाऽऽय!”

वाक्य बरोबर होतं. विशेषणाचा उपयोग अचूक होता. मला पूर्ण गुण द्यावे लागले. शिक्षकाच्या आयुष्यात असे प्रसंग येतात.

दुसऱ्या दिवशी मी नंबरावर काळा रंग फिरवला आणि मग मात्र आठवडाभर आमची शाळा अशी चालली की विचारू नका. रोज संध्याकाळी वाक्यं येत होती. “म्हशीच्या कपाळाव ठळक चांदवाऽऽ!” हे सोनियाचं. “आज्जीचं गोंदण ठळऽऽ” हे कुणाचं ते कळलं नाही, निम्मं वाऱ्यात गेलं. “खिचडीत मीठ ठळक!” यावर मी रात्रभर विचार केला आणि सकाळी अंगठा वर करून दाखवला, कारण मिठाला ठळक म्हणता येत नाही, पण ती खिचडी मीही खाल्लेली आहे. वाक्यं ऐकायला मी दुपारपासूनच रस्त्याकडे बघत बसायचो. ही म्हणायची, “अहो, यष्टी साडेपाचला येते, आता तीन वाजलेत.” मी म्हणायचो, “लवकर आली तर?” आमच्या मार्गावर यष्टी आजवर कधी लवकर आलेली नाही.

अश्विनीचा तळवा रोज काचेवर असायचा. वाक्य नसायचं. म्हणून मी शब्दही बदलला नाही. तिचं होईपर्यंत पुढचा शब्द द्यायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

शनिवार उजाडला आणि घाटातले धबधबे बघायला पुण्याच्या गाड्या येऊ लागल्या. दुपारी एक मोठी गाडी दारात थांबली. सहा भिजलेली माणसं उतरली आणि सरळ ओसरीत येऊन बसली. घरात आलेल्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. हिने चहा टाकला. चहा पिता पिता त्यांच्यातला एक मला म्हणाला, “काका, सहा मिसळ. दोन तिखट कमी.”

“मिसळ नाही,” मी म्हटलं.

“मग कांदाभजी?”

“भजीही नाहीत.”

“मग ‘ठळक’मध्ये स्पेशल काय आहे?”

मी त्यांना शांतपणे समजावलं की ठळक हे हॉटेल नसून विशेषण आहे, ते वस्तूचा लक्ष वेधून घेण्याचा गुण सांगतं, आणि त्यांनाही एक वाक्य करून बघायला सांगितलं. माणसं सभ्य होती. त्यांनी वाक्यं केली. पण जाताना भिंतीपुढे उभं राहून फोटो काढला आणि तो मोबाईलवर कुठेतरी टाकला. पुढच्या रविवारी आलेल्या एका मुलीने मला तो दाखवला. खाली अभिप्राय होता: ‘हॉटेल ठळक. चहा उत्तम. मेनू नाही. मालक वयस्कर, पण बोलके.’ पाचपैकी तीन तारे. चाळीस वर्षं मी लोकांना गुण दिले. मला काठावरचा पहिला वर्ग देणारं कुणी भेटलं ते असं.

त्या रविवारी ओसरीत जागा पुरली नाही. ही चहा करून करून दमली आणि शेवटी पोहे करायला लागली. समोर हनुमंताच्या टपरीत मात्र एकही माणूस नव्हता. तो दारात उभा राहून आमच्याकडे बघत होता. मी हात केला. त्याने केला नाही.

बुधवारी ग्रामपंचायतीचं बोलावणं आलं. तक्रार हनुमंताची होती. ग्रामसेवकांनी अर्ज माझ्या हातात दिला. अक्षर सुवाच्य, समास सोडलेला, ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. मीच शिकवलेलं होतं सगळं. रागवावं की पाठ थोपटावी, हे मला त्या घटकेला ठरवता येईना.

“सदर भिंतीवर तुम्ही ‘ठळक’ नावाची जाहिरात केलीय,” ग्रामसेवक म्हणाले. नवीन पोरगा होता, नम्र होता.

“जाहिरात नाही. ते विशेषण आहे.”

त्यांनी जाडजूड नियमावली उघडली, बोट फिरवलं आणि विचारलं, “मग विशेषणाला परवानगी घेतली होती का?”

इतकी वर्षं विशेषणं वापरली, कधी मनात आलं नाही.

“भिंतीचे चारच प्रकार आहेत,” ते म्हणाले. “व्यावसायिक, राजकीय, धार्मिक आणि वाढदिवस.”

सरपंचबाई समजूतदार. त्या म्हणाल्या, “वाढदिवसात बसवा की. गुरुजी, एक फोटो लावा वर कुणाचा तरी.”

“कुणाचा?”

“कुणाचा बी. फोटो असला की कुनी इचारत न्हाई.”

मागून रखमाजी म्हातारे हाताची वाटी कानाला लावून ऐकत होते. ते मोठ्याने म्हणाले, “गुरुजी उभं ऱ्हानार व्हय? चिन्न काय?” यावर सभेत जी चर्चा सुरू झाली ती वेगळीच होती. शेवटी ठरलं की निर्णय होईपर्यंत शब्द पुसावा.

मी एक आठवड्याची मुदत मागून घेतली. अश्विनीसाठी. तिच्यासाठी तेवढा आठवडा पुरेल, असं मला उगाच वाटत होतं.

पण तो आठवडाही पुरा मिळाला नाही, आणि त्याला कारण पप्पू. आमच्या यष्टीचे ड्रायव्हर मानसिंग. भला माणूस, फक्त देह ऐसपैस. गुरुवारी संध्याकाळी यष्टी वळणावर आली आणि पप्पू कमरेपर्यंत खिडकीबाहेर येऊन ओरडला, “मानसिंगकाकांचं पोट लई ठळक हाऽऽय!”

यष्टी थांबली. थांबा नसताना ती माझ्या दारात थांबली ती तेवढी एकदाच. मानसिंग खाली उतरले.

“गुरुजी, तुमच्या शब्दापायी पोरं निम्मी बाहेर लोंबत्यात. समोरनं गाडी आली म्हंजे? म्या घरी काय सांगू यांच्या?”

मी मान खाली घातली. पोटाचा राग त्यात होताच, तो माझ्या लक्षात आला, पण माणूस खरं तेच बोलत होता. मुलांचे हात, मुलांची डोकी. हे मला आधीच दिसायला हवं होतं. मी त्यांच्यादेखत मुलांना सांगितलं, “उद्यापासून काचा बंद. ओरडायचं नाही. शाळा सुटली.”

चौघांचे चेहरे पडले. अश्विनीचा तळवा काचेवर होता. तो तिने हळूच खाली घेतला.

दुसऱ्याच दिवशी मी भिंतीला चुना लावला. हनुमंत मुकाट्याने आला, दुसरा कुंचला घेतला आणि वरचा, माझा हात पुरत नव्हता तो भाग रंगवून दिला. मग म्हणाला, “गुरुजी, रागावला नव्हतो. पोट हाय वो मला बी.” मी म्हटलं, “अर्ज चांगला लिहिला होतास.” तो कान खाजवत टपरीवर गेला आणि चहा घेऊन आला.

मग काही दिवस यष्टी नुसतीच आली आणि गेली. काचा बंद. आतून हात हलायचे, पण आवाज नाही. मुक्या सिनेमासारखं. मी तीन वाजल्यापासून बसायचं सोडलं नाही. ही म्हणायची, “आता कशाला?” मी म्हणायचो, “बसलोय नुसता.” घरात माणूस नुसता बसलेला असला की बायकोला सगळं कळतं. ती चहा ठेवून जायची.

जुलै संपता संपता घाटावरून धुकं खाली उतरलं. दहा पावलांवरचं दिसेना. ओसरीतून मला यष्टी दिसेना आणि यष्टीतून मुलांना मी. तेव्हा मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभं राहायचं ठरवलं. माझी काळी छत्री उघडली तर ही म्हणाली, “धुक्यात त्या छत्रीत तुम्ही झाडाचं खोड वाटाल. ही घ्या.” आणि तिने सूनबाईने दिलेली छत्री हातात ठेवली. गुलाबी, कडेला झालर. मी इकडेतिकडे पाहिलं.

“हिच्यात मला लोक बघतील.”

“मग दिसायलाच उभे राहताय ना?”

निवृत्त मुख्याध्यापक झालरीच्या गुलाबी छत्रीखाली रस्त्याकडेला उभा राहिला. हनुमंताने टपरीतून पाहिलं आणि शिष्याने गुरूचा राखावा तेवढा मान राखून तोंड फिरवून हसला. पाऊस चांगला लागला होता. मी मागे वळलो आणि माझ्या भिंतीकडे बघतच राहिलो. चुना भिजला की पातळ होतो, हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. पांढऱ्याच्या आतून ती पिवळी सावली, ती लाल किनार, हळूहळू सगळं वर येत होतं. ग्रामपंचायतीचा ठराव धुऊन निघत होता. धुक्यात अंधूक, पण वाचता येईल असं लिहिलेलं होतं: ठळक. खाली, मी फिरवलेल्या काळ्यालाही न जुमानता, थोडासा, अल्लाउद्दीनचा नंबरही.

तेवढ्यात धुक्यातून दोन पिवळे दिवे आले. मानसिंगांनी मला पाहिलं असावं, कारण वळणावर यष्टी रोजच्यापेक्षा हळू झाली. काचा बंद होत्या, आतून वाफेने धूसर झालेल्या. पप्पूने काचेवर नाक दाबलेलं होतं. सोनिया हात हलवत होती. मग अश्विनीची खिडकी आली. तळवा नव्हता. तळव्याच्या जागी, वाफेत बोटाने काढलेली अक्षरं होती.

‘गुरुजी अजून ठळक दिसतात’

यष्टी गेली. मी छत्री धरून उभा राहिलो. वाक्य मी सरळ वाचलं होतं, अडखळलो नव्हतो, आणि ते का, हे कळायला मला जरा वेळ लागला. काचेवर आतून सरळ लिहिलं असतं तर मला ते उलटं दिसलं असतं. मला सरळ दिसलं, म्हणजे तिने आतून उलटं लिहिलं होतं. अक्षर न अक्षर उलटं, वेलांट्या, उकार, सगळं. हे काही एका दिवसात जमत नाही. कुठेतरी, दप्तरावर, पाटीवर, घरच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर, ती कितीतरी दिवस बसून शिकली असणार की बाहेर उभ्या असलेल्या माणसाला आपलं वाक्य कसं दिसेल.

घरी आलो. हिने टॉवेल दिला आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, “आलं का?”

“आलं.”

“किती गुण दिले?”

डोकं पुसायला मला बराच वेळ लागला. मग म्हटलं, “अर्धा कापलाय. शेवटी पूर्णविराम नव्हता.”

“अहो!”

“उद्या दुरुस्त करून आणेल की,” मी म्हटलं, आणि गुलाबी छत्री आत न नेता दारापाशीच, सकाळी पटकन हाताला येईल अशी, उघडी वाळत ठेवली.